डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकाच्या बाजूला असते. यंदा अध्यक्षबाईंनी हाताला धरून इथे उभे केले आणि म्हणाल्या, तुमच्या डोळ्यांचे सगळ्यांना सांगा. मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टरी मला येत नाही. जे स्वतः भोगले आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, तेवढेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या थोरलीचे लग्न झाले. त्याच सुमारास माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागले. केदारेश्वराच्या घाटावर गेले, तापीवरचा वारा लागला, की पाणी सुरू. बाजारात तसेच, लग्नकार्यात तसेच. बायका म्हणायच्या, मुलीची आठवण येते का? एकदोघींनी तर आडून आडून विचारले, घरी काही त्रास आहे का म्हणून. ते ह्यांच्या कानावर गेले. ‘चार माणसांत माझी शोभा करतेस,’ म्हणाले आणि दोन दिवस धड बोलले नाहीत. आता काय सांगणार? मला रडू येतच नव्हते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपायचे, संध्याकाळी पापण्या जड व्हायच्या, सकाळी उघडताना ओरखडा उठल्यासारखे वाटायचे.

आपल्याकडे डोळ्यांना निमित्ते काय थोडी आहेत? उन्हाळ्यातली झळ आहे, चुलीचा धूर आहे. नंदुरबारला मिरची वाळत घातली की रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो. मिरचीचे देठ खुडायला जाणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत, त्यांना मी काय सांगू! मी गुलाबपाणी घातले, काकडीच्या चकत्या ठेवल्या. चकत्यांनी गार वाटले इतकेच. गुलाबपाण्याने आग झाली.

मग ती बाटली सापडली. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, त्यानंतर घालायला दिलेले औषध फडताळात उरले होते. एक थेंब घातला. दुसऱ्या दिवशी लाली गेली, खुपणे निम्मे झाले. मला तर देव भेटल्यासारखे वाटले. बाटली संपली तेव्हा रिकामी बाटली दुकानात दाखवून तशीच दुसरी आणली. एवढ्यावर राहिले असते तरी बरे. माझी धाकटी जाऊ शिलाईचे काम करते, तिचेही डोळे चुरचुरायचे. तिला मीच ती बाटली दिली. भजनाला कोणाचे डोळे लाल दिसले की मी बटव्यातून काढून त्यांनाही थेंब घालायची. तुमच्यातल्या कितीतरी जणींना घातला आहे, तुम्हाला आठवत असेल.

माझे डोळे औषध थांबवले की पुन्हा लाल व्हायचे, म्हणून शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटे बसवले. निरोगी डोळ्याने ती पट्टी दहा मिलिमीटरच्या वर भिजते, माझी चार भिजली. म्हणाले, बाई, तुमचे डोळे कोरडे आहेत. मला हसूच आले. म्हटले, डॉक्टरसाहेब, चार वर्षे पदर ओला होतो आहे आणि कोरडे कसे?

त्यांनी समजावले ते असे. डोळ्यावर सदा एक पातळ थर असतो. त्यात नुसते पाणी नसते. खाली चिकट भाग असतो, मध्ये पाणी असते आणि वर तेलाचा पातळ पापुद्रा असतो. ते तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते. तेल कमी पडले की पाणी लगेच उडून जाते. डोळा वाळला की तो तक्रार करतो, आणि मग एकदम पाण्याचा लोंढा येतो. पण तो गालावरून निघून जातो, डोळ्यावर ठरत नाही. पाळी जायच्या वयात बायकांना हे जास्त होते. मधुमेह, थायरॉईड, सर्दीखाजेच्या काही गोळ्या, हीही कारणे असतात. सांधे दुखतात आणि तोंडही कोरडे पडते अशी बाई असेल तर तिने डॉक्टरांना ते मुद्दाम सांगावे. मोबाईलमध्ये डोळे घातले की पापणी लवायची विसरते. एरवी मिनिटाला पंधरावीस वेळा लवते, तेव्हा निम्म्यावर येते. (हे ऐकून आमच्या घरी ह्यांनी माझ्या मालिकांकडे बोट दाखवले. त्यांचा स्वतःचा मोबाईल कोणी मोजायचा?)

मग डॉक्टरांनी विचारले, आजवर काय घालत होता? मी बटव्यातून बाटली काढली. त्यांनी नाव वाचले आणि त्यांचा चेहराच बदलला. ते स्टेरॉइड होते. ऑपरेशननंतर काही आठवडे, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली घालायचे. जास्त दिवस घातले तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरते आणि काचबिंदू होतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. माझा दाब मोजला, तो ठीक होता. मी देवाचे आभार मानले आणि तेवढ्यात जाऊ आठवली.

तिला दुसऱ्याच दिवशी नेले. तिने दीड वर्ष घातले होते, रोज तीन वेळा. दाब दहा ते एकवीसच्या आत असायला हवा, तिचा अडतीस निघाला. मागे एकदा बसस्टँडजवळ डावीकडून आलेली मोटारसायकल तिला दिसली नव्हती. आम्ही म्हटले होते, वेंधळी आहे. तिच्या डाव्या डोळ्याला आता मधले तेवढेच दिसते. गेलेले परत येत नाही, राहिलेले टिकवायला तिला रोज दाबाचे औषध घालावे लागते. औषध एकच, घालणाऱ्या दोघी एका घरातल्या. मी सुटले, ती अडकली. ती मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर मला हलके वाटले असते. हे इथे सांगायला तिनेच मला परवानगी दिली.

आता मी काय घालते, ते विचाराल. ‘कृत्रिम अश्रू’ म्हणून थेंब मिळतात. माझ्या थेंबांत कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आहे. त्याने रोग जात नाही, ओलावा राहतो. लाली एका रात्रीत जात नाही, म्हणून बायका आठ दिवसांत सोडतात. मला महिनाभराने फरक कळला. दिवसातून चार वेळांहून जास्त घालावे लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून एकेका वेळेच्या छोट्या कुप्या घ्याव्यात. मोठ्या बाटलीत जंतू होऊ नयेत म्हणून घातलेले रसायन फार वेळा पडले तर कोरड्या डोळ्याला तेच टोचते. कुपी महाग पडते, पण ती उद्यासाठी ठेवायची नाही. २०२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांतून जंतूंची साथ पसरली. ते औषध आपल्याच देशात, चेन्नईजवळच्या एका कारखान्यात तयार झाले होते. तिथल्या सरकारने ८१ रोगी मोजले, १४ जणांची दृष्टी गेली आणि ४ माणसे दगावली. म्हणून बाटलीचे तोंड पापणीला लावू नये, आणि उघडली त्या दिवसाची तारीख वर लिहून महिन्याने टाकून द्यावी.

थेंब एकच पुरे, जास्तीचा गालावर जातो. घातल्यावर मिनिटभर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दाबावा. रात्री कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके पाचदहा मिनिटे पापण्यांवर ठेवते, त्याने कडेचे तेल सुटते.

आणि घरी जाऊन फडताळातल्या बाटल्या काढा. नाव इंग्रजीत असते, शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ आले, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन असे, तर ते बहुधा स्टेरॉइड असते. पण सगळ्याच स्टेरॉइडांची नावे तशी संपत नाहीत, म्हणून शंका आली तर डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी ते चालू म्हणून दिले असेल तर मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. पण माझ्या बटव्यातला थेंब ज्यांनी घेतला आणि पुढे तशीच बाटली आणून चालू ठेवली, त्यांनी डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. लाज वाटत असेल तर मला सांगा, मी बरोबर येते.

जाऊबाई पहिल्या ओळीत बसली आहे. कार्यक्रम झाल्यावर तिला भेटायला याल, तेव्हा डावीकडून येऊ नका. समोरून या आणि आधी हाक मारा.