बुद्धी आणि देह

यंत्राला विचार करता येतो काय, हा प्रश्न इंग्रज गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या त्रैमासिकात मांडला, तेव्हा त्यांनी एक युक्ती योजिली. परीक्षक एका खोलीत, उत्तर देणारा दुसऱ्या खोलीत, आणि संभाषण सारे टंकलिखित. आवाज, चेहरा, हात यांपैकी काहीच परीक्षकाच्या प्रत्ययास यावयाचे नाही. यंत्रावर माणसाची त्वचा चढविल्याने ते अधिक मानवी होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देहाला असे दाराबाहेर ठेवून वादाला तोंड फुटले. त्याच निबंधाच्या अखेरीस, यंत्राला उत्तम ज्ञानेंद्रिये देऊन लहान मुलासारखे शिकवावे, असाही मार्ग ट्युरिंग यांनी सुचविला होता, हे मात्र पुष्कळांच्या स्मरणात नसते.

अमेरिकन तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात देहाला पुन्हा आत आणले. खुर्ची म्हणजे काय हे व्याख्येने कळत नाही. विशिष्ट रीतीने गुडघे वाकणारा, थकणारा देह असला म्हणजे ते कळते. १९६७ मध्ये एका संगणकाने ड्रायफस यांना बुद्धिबळात हरविले होते, ही कथा त्यांचे विरोधक मोठ्या चवीने सांगत. परंतु बुद्धिबळातील पराभवाने खुर्चीचा मुद्दा खोटा कसा ठरावा? उलट, यंत्राला प्रौढाइतका पटावरचा खेळ शिकविणे सोपे, पण वर्षाच्या मुलाचे पाहणे नि चालणे देणे दुर्घट, हे १९८८ साली यंत्रमानवांचे अभ्यासक हॅन्स मोराव्हेक यांनीच नमूद केले. २०१६ साली सेऊल येथे ‘अल्फागो’ने ली सेडॉल यांना गो या खेळात ४-१ असे नमविले, त्याच्या सोंगट्या पटावर ठेवीत होता तो आजा ह्वांग या माणसाचा हात.

आजची भाषायंत्रे दाढदुखीवर पानेच्या पाने लिहितात. दाढ मात्र त्यांना नाही. जन्मांध मनुष्यही रंगांविषयी अर्थपूर्ण बोलतो, असा यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. तरीही जन्मांधाला स्पर्श आहे, भूक आहे, मरणाचे भय आहे. आता तर रुग्णही आपले दुखणे यंत्राला सांगू लागले आहेत. औषधाचे नाव यंत्र कदाचित बिनचूक सांगेलही. पण “फार दुखते” या दोन शब्दांतील “फार” त्याने कशाशी ताडून पाहावयाचे?