करवतीच्या मागे बाई नको, टेबल हवे

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कालपासून आपण पोटगी, रेशन, दारूबंदी, पंचायत अशा विषयांवर बोलतो आहोत. त्यात हे सुतारकामाचे टेबल मध्येच कुठून आले, असे काहीजणींना वाटेल. पण इथल्या चार-पाच गटांनी यंदा फर्निचर युनिटसाठी अर्ज केले आहेत. शिवण, पापड, लोणची यांच्या पलीकडे जायचे आपण ठरवले, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच हा विषय आज मांडते आहे. मी स्वतः सुतार नाही. समाजकार्याचे शिक्षण घेऊन गेली नऊ वर्षे बायकांच्या सुतारकाम प्रशिक्षण केंद्रात काम करते. जे सांगणार आहे ते तिथल्या बायकांकडून आणि आमच्या मिस्त्रींकडून शिकले आहे.

ज्यांनी हे मशीन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक लोखंडी टेबल असते. त्याच्या मधल्या फटीतून गोल करवतीचे पाते वर आलेले असते आणि मोटरवर गरगर फिरते. कामगार पुढे उभी राहून फळी पात्याकडे ढकलते. फळी चिरत मागे सरकते. पात्याचे पुढचे दात खाली जात असतात, म्हणजे ते फळी टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र खालून वर येत असतात. पात्याच्या मागे फळी वाकडी झाली, किंवा चिरलेली फट मिटून पात्याला चिमटली, तर हे मागचे दात फळी उचलतात आणि ढकलणाऱ्या बाईच्या अंगावर भिरकावतात. ती इतक्या वेगाने येते की बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

आता हिशोब करू. पात्याच्या मागे टेबल साधारण दीड फूट उरते असे धरा. तुम्ही आठ फुटांची फळी चिरता आहात. फळीचा निम्म्याहून जास्त भाग टेबलाच्या कडेबाहेर गेला की ती मागे कलंडणार. म्हणजे साडेपाच फूट चिरून झाले, अडीच फूट चिरायचे बाकी आहे, आणि नेमक्या त्या वेळी फळी मागून खाली जाते, पुढून वर उचलली जाते. बाई काय करते? उचललेले टोक हाताने दाबते, किंवा पात्यावरून हात पुढे नेऊन फळी धरायला जाते. दोन्ही वेळा हात पात्याच्या जवळ जातो. हा तिचा निष्काळजीपणा नव्हे. पडणारी वस्तू धरायला हात आपोआपच जातो.

यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे मागे एक माणूस उभा करायचा. त्याला म्हणतात हेल्पर. वखारीत, फर्निचरच्या कारखान्यात हा हेल्पर बहुधा नवा पोरगा असतो. आणि जिथे बायका कामाला आहेत, तिथे ती बाई असते.

आमच्या केंद्रातून सहा महिने मशीन शिकलेल्या दोघी एका फर्निचर कारखान्यात लागल्या. पाती बदलणे, गाईड लावणे, माप घेणे, सगळे त्यांना येत होते. पण पहिल्या दिवसापासून त्यांना मशीनच्या मागे उभे केले. "तुम्ही फक्त फळ्या झेला," असे सांगितले. तिसऱ्या महिन्यात त्यातल्या एकीची दोन बोटे गेली. पात्याशेजारी अडकलेली एक बारीक पट्टी तिने मागून काढायचा प्रयत्न केला होता. नंतर आम्ही भेटायला गेलो तेव्हा मालकाने पहिला प्रश्न केला, तिचा पदर खोचलेला होता का? वास्तविक पदराचा त्यात काही संबंध नव्हता. मागे टेबल का नव्हते, हे मात्र कोणीही विचारले नाही. नुकसानभरपाईची गोष्ट निघाली तेव्हा कळले की हजेरीपटावर तिचे नावच नव्हते.

त्याच सुमारास आम्ही आमच्या केंद्राच्या मशीनसाठी एका कार्यालयाकडे प्रस्ताव दिला होता. मशीन मंजूर झाले. मागच्या आधाराच्या टेबलाची रक्कम कापली गेली. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "एवढ्या बायका आहेत ना तुमच्याकडे? एक उभी करा की मागे." हे वाक्य मी विसरलेले नाही. लाकडाचे टेबल विकत घ्यावे लागते. बाई फुकट मिळते. तिचे हात, तिची कंबर, तिचा दिवस यांची किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही. घरातही हेच आणि कारखान्यातही हेच.

ब्रिटनमध्ये १९७४ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी नियम झाले. गोल करवतीच्या मागे माल काढायला माणूस उभा करायचा असेल तर पात्याच्या मागच्या बाजूपासून टेबलाची कड किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट लांब असली पाहिजे आणि त्या माणसाने त्या टोकालाच उभे राहिले पाहिजे, अशी अट त्यांत घातली. अर्थ सरळ आहे. मागे माणूस असो वा नसो, टेबल आधी. हात पात्यापर्यंत पोचणारच नाही, एवढे अंतर मध्ये हवे.

आता आधार कसा निवडायचा ते पाहू. मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला, रोलरचा स्टँड. तीन पायांवर किंवा घोड्यावर एक आडवा रूळ. स्वस्त असतो, घडी होते, उचलून नेता येतो. पण रूळ फळीला अगदी काटकोनात नसेल तर तो फळीला बाजूला वळवतो, आणि फळी गाईड सोडून पात्याला चिमटते. फळीचे टोक थोडे जरी झुकले तरी ते रुळावर न चढता स्टँडलाच धडकते आणि स्टँड पडतो. कधीतरी लागणाऱ्या कामाला चालेल. रोजच्या चिरकामाला एकट्या रुळावर अवलंबून राहू नका.

दुसरा, बिजागरीचे टेबल. ते मशीनच्या मागच्या कडेला जोडलेले असते आणि काम झाले की खाली पडते. जागा लहान असेल, एकाच खोलीत जुळणी आणि पॉलिशही करायचे असेल, तर हे सोयीचे. मात्र त्याच्या टेकूला खटका हवा. फळीच्या धक्क्याने टेकू निसटला तर टेबल नसण्यापेक्षा वाईट. मशीन हलके असेल तर मागे वजन आल्यावर ते स्वतःच मागे उलटू शकते, म्हणून मशीन जमिनीला बोल्टने आवळा.

तिसरा, कायमचे उभे टेबल. माझे मत विचाराल तर गटाच्या युनिटला हेच उत्तम. त्यावरच चौकटी जुळवता येतात, म्हणजे जागा वाया जात नाही. ते विकत घ्यायची गरज नाही. उरलेले प्लाय, सागाची किंवा बाभळीची चौकट आणि वर सनमायका एवढ्यात होते. गटाच्या बायकांनी बनवायची ही पहिली वस्तू असावी, असे मी सुचवीन.

लांबी किती? सूत्र लक्षात ठेवा : पात्यापासून आधाराच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर तुमच्या सर्वांत लांब फळीच्या निम्म्याहून जास्त हवे. आठ फुटी फळीला चार फुटांहून जास्त. मशीनचे दीड फूट आणि त्यामागे चार फुटी टेबल असे साडेपाच फूट झाले की पूर्ण चिरलेली फळी आपली आपण टेबलावर पडून राहते. ती झेलायला कोणी लागत नाही. प्लायची अख्खी आठ बाय चारची शीट मात्र वेगळी गोष्ट आहे. अठरा मिलिमीटरची शीट तीस-पस्तीस किलो भरते. ती आधी जमिनीवर पट्ट्या टाकून हातमशीनने ढोबळ कापून घ्या, मग टेबलावर आणा.

बसवताना मशीनची पिन आधी प्लगमधून काढा. पाते पूर्ण खाली उतरवा. मग पुढील गोष्टी पाहा.

उंची : आधाराचे टेबल मशीनच्या टेबलाच्या अर्धा ते एक सूत खाली हवे. वर तर मुळीच नको, फळी अडेल आणि अडलेली फळी ढकलण्यासाठी बाई जोर करील. पुढची कड तिरपी तासून घ्या, म्हणजे झुकलेले टोकही सहज चढते.

सपाटी : आपल्या शेडची फरशी कधी सारखी नसते. पायांच्या तळाशी नट-बोल्ट बसवा, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. एक लांब सरळ पट्टी मशीनवरून आधारावर ठेवून तीन ठिकाणी तपासा : डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये. पायांना तिरपे टेकू द्या, टेबल हलता कामा नये.

खाचा : मशीनच्या टेबलावर काटकोनी कापणीच्या पट्टीसाठी ज्या खाचा असतात, त्याच रेषेत आधारावरही थोड्या रुंद खाचा पाडा. नाहीतर ती पट्टी मागे येऊन अडते.

पावसाळा : सनमायका प्लायच्या दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूने लावला तर ओल धरून फळा वाकतो आणि आषाढात सगळी उंची बिघडते. वर मेण घासा, लाकूड हलके सरकते.

शेवटी पाते खाली असतानाच आठ फुटी फळी दोन-चार वेळा ढकलून बघा. कुठे अडते का, कलंडते का ते पाहा. मगच मशीन सुरू करा. आणि हे काम गटातल्या सगळ्यांत बुटक्या बाईकडून करून घ्या. मशीनची उंची पुरुषांच्या मापाने केलेली असते. तिचा हात जिथे पुरत नाही, तिथे ढकलकाठी लागेल हे त्याच वेळी कळते.

टेबल बसवले म्हणजे सगळे झाले असे नाही. पात्यामागची उभी पट्टी, जी चिरलेली फट मिटू देत नाही, ती आणि पात्यावरचे झाकण काढून ठेवू नका. पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस मशीनपासून दूरच हवेत, हातमोजेही नकोत. पात्याजवळचे तुकडे मशीन बंद होऊन पाते थांबल्यावरच काढायचे. आणि मोठ्या मालासाठी मागे कोणी उभी राहिलीच तर तिने टेबलाच्या टोकाला राहायचे आणि फक्त आधार द्यायचा, ओढायचे नाही. मागून ओढले की पुढचीचे हात पात्याकडे खेचले जातात.

आता मजुरीबद्दल. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्यात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण कामाचे नावच वेगळे ठेवले की ते तत्त्व कागदावर राहते. पुढे उभा तो कारागीर, मागे उभी ती हेल्पर. जोपर्यंत मशीनच्या मागे माणूस लागतो, तोपर्यंत ती जागा बायकांनाच मिळत राहील. टेबल आले की ती जागाच उरत नाही, आणि शिकलेल्या बाईला पुढे उभे करावे लागते. आमच्या केंद्रात हे घडताना मी पाहिले आहे. टेबल झाल्यावर दोघींऐवजी एकजण चिरू लागली आणि दुसरी बाजूला रंध्यावर गेली.

कायदा आपल्या मदतीला येईल अशी वाट पाहू नका. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या मूळ तरतुदीप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर तो कारखाना ठरत असे. २०२० च्या संहितेने हा आकडा वीस केला. आपल्या सहा-सात बायकांच्या युनिटला कोणी निरीक्षक येणार नाही. आपल्या बोटांची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

म्हणून तीन गोष्टी सांगून थांबते. प्रस्तावात मशीन आणि मागचा आधार एकाच ओळीत लिहा, म्हणजे एक ठेवून दुसरे कापता येणार नाही. बायकांना कामाला पाठवण्याआधी त्या कारखान्यात स्वतः जा आणि मशीनच्या मागे काय आहे ते बघा. आणि हजेरीपटावर त्यांचे नाव व कामाचा हुद्दा लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका.

टेबलाचे मापासकट चित्र मी आणले आहे. जेवणानंतर ज्यांना हवे त्यांनी उतरवून घ्यावे.