घरातला सामाईक संगणक आणि दूरचे खेळगडी



भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. घरातल्या संगणकावर पोरं खेळ खेळतात, त्यावर रेडिओवरून भाषण कसलं द्यायचं? मीही तीन वर्षांपूर्वी हेच म्हटलं असतं. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्राशी माझं नातं हजेरी भरण्यापुरतं. परंतु एका रात्री माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीपायी या विषयात डोकं घालावं लागलं.

आमचं घर तालुक्याच्या गावी, जुन्या दगडी भिंतींचं. आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतो. दादा शेती पाहतात, मी कॉलेजात जातो. घरात मुलं तीन: माझा थोरला, दादांचा मुलगा आणि माझी धाकटी. २०२१ साली तास ऑनलाइन चालू होते तेव्हा एका कचेरीतून निघालेला संगणक मी विकत घेतला. तास संपले, संगणक उरला, आणि तो आपोआप तिघांचा झाला. दोन्ही मुलगे ‘व्हॅलोरंट’ नावाचा खेळ खेळू लागले, मुलगी बुद्धिबळ.

तर त्या रात्री ताटं वाढलेली होती. थोरल्याला तीनदा हाक मारली. "बाबा, पाच मिनिटं!" असं तीनदा उत्तर आलं. चौथ्यांदा मी उठलो आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मुलगा काही बोलला नाही. जेवला, झोपायला गेला. त्यापुढे चार दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. शेवटी आमच्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, मला ऐकवलं, "अरे, तू डाव मोडलास त्याचा. एकट्याचा नव्हता तो."

आणि ते खरं होतं. हा खेळ पाच जणांचा पाच जणांविरुद्ध. एकेका फेरीचं घड्याळ १०० सेकंदांचं. बारा फेऱ्या झाल्या की बाजू बदलायची. ज्या संघाच्या तेरा फेऱ्या आधी होतील तो जिंकला. एक डाव साधारण अर्धा-पाऊण तास चालतो आणि तो मध्येच थांबवण्याची सोय नाही, कारण उरलेले नऊ गडी नऊ घरी बसलेले असतात. मी बटण दाबलं तेव्हा कुठल्या तरी गावचे चार अनोळखी गडी पाचांशी लढायला उरले. ते हरले. आणि डाव सोडून पळाला म्हणून माझ्या मुलाचे गुण कापले गेले, काही काळ खेळायला बंदी झाली. यंत्राला काय ठाऊक की बटण बापानं दाबलं!

आपण लहानपणी आट्यापाट्या खेळलो आहोत. रंगात आलेल्या डावातून एखाद्याला त्याच्या वडिलांनी कान धरून नेलं की बाकीच्यांची काय स्थिती व्हायची ते आठवून पाहा. फरक एवढाच, की तेव्हा वडिलांना पाटी दिसत होती. आता ती दिसत नाही.

मी मुलाजवळ जाऊन चूक कबूल केली. वर्गात मुलांसमोर चूक कबूल करणं सोपं असतं. घरात जड जातं. मग त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसलो आणि म्हटलं, दाखव काय आहे ते. तिथून पुढची हकीकत यंत्राची आहे.

पहिली तक्रार अशी, की संगणक चालू व्हायलाच तीन मिनिटं लागत. तिघांच्या वाटणीतला वेळ त्यात जाई आणि त्यावरून रोज भांडण. त्यावर उपाय स्वस्त निघाला. जुन्या संगणकांत माहिती साठवायला फिरती तबकडी असते. तिच्या जागी एसएसडी बसवली. तीत फिरणारा भाग नसतो. खर्च अडीच हजारांच्या आसपास, आणि संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत तयार. तुमच्या शाळेत जुने संगणक धूळ खात पडले असतील तर शिक्षकमित्रांनो, नवे मागण्याआधी एकावर हा प्रयोग करून पाहा. दुसरं, मेमरीची एक पट्टी होती तिच्या जोडीला तशीच दुसरी टाकली. दोन पट्ट्या असल्या की संगणक दोन्हींतून एकदम वाचतो, दोन रहाटांनी पाणी काढावं तसा. ही पट्टी आम्ही २०२४ मध्ये घेतली ते बरं झालं. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव फार चढले.

तिसऱ्या पायरीवर मात्र आम्ही फसलो. चित्रं भरभर रेखाटायला ग्राफिक्स कार्ड लागतं. शहरातल्या एका दुकानदारानं मोठं कार्ड दिलं. त्याला वीज पुरवणारी वेगळी तार लागत होती, ती आमच्या यंत्रात नव्हती. "जोड देतो, चालतंय की," असं तो म्हणाला. घरी आणून बसवलं. साधं काम करताना ठीक चाले. खेळात धुमश्चक्री सुरू झाली की संगणक फट्‌दिशी बंद. पुन्हा तेच, डाव अर्ध्यावर, गुण कापलेले. आता तर बटणही कोणी दाबत नव्हतं!

कारण दादांनी सांगितलं. ते आयुष्यात संगणकाला शिवलेले नाहीत. म्हणाले, "तीनची मोटार काढून साडेसातची बसवलीस आणि वायर तीच ठेवलीस, तर काय होणार?" अगदी हेच झालं होतं. संगणकाच्या पेटीत वीज वाटणारा एक डबा असतो, पॉवर सप्लाय म्हणतात त्याला. तो किती वॉटचा आहे हे पाहिल्याशिवाय कार्ड घेऊ नये. ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच फार तर ७५ वॉट देऊ शकते. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला डब्यातून वेगळी तार हवी. मोठं कार्ड तोटा सोसून परत केलं आणि जीटीएक्स १६५० जातीचं, वापरलेलं, वेगळी तार न लागणारं कार्ड साडेसहा हजारांना घेतलं. नवं नाही, मोठंही नाही. पण आमच्या खेळाला पुरून उरतं.

विजेचा विषय निघालाच आहे तर खेड्यातल्या घरांसाठी दोन गोष्टी सांगतो. शहरातल्या पुस्तकांत त्या सापडत नाहीत. शिवारात मोटारी सुरू झाल्या की दाब खाली येतो आणि दिवे मंदावतात. संगणक अशा वेळी बंद पडून पुन्हा सुरू होतो. घरचा इन्व्हर्टर असला तरी वीज गेल्यावर तो भार उचलायला क्षणभर घेतो, आणि पंख्याला न जाणवणारा तो क्षण संगणकाला जाणवतो. त्यासाठी छोटा यूपीएस घ्यावा आणि त्याच्यावर इंटरनेटचा राउटरही जोडावा. नाहीतर संगणक जिवंत आणि वाट बंद, असा प्रकार होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग धड नाही असं समजा. आमच्याकडे मुलं महिनाभर झिणझिण्या घेत होती आणि त्यांना त्यात मौज वाटत होती. वायरमनला बोलावून ते काम आधी केलं. खेळाच्या निमित्तानं सगळ्या घराचं भलं झालं म्हणायचं.

आता वेगाबद्दल. घरोघरी एक समजूत आहे, की महागडं इंटरनेट घेतलं की खेळ चांगला चालतो. तसं नाही. खेळाला पाट मोठा लागत नाही. पाणी वेळेवर पोहोचावं लागतं. मुलानं कळ दाबली, ती बातमी खेळाच्या मध्यवर्ती संगणकाला पोहोचली आणि उत्तर परत आलं, या फेऱ्याला जो वेळ लागतो त्याला ‘पिंग’ म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. या खेळाचा एक मध्यवर्ती संगणक मुंबईत आहे. आमच्यापासून मुंबई साडेतीनशे किलोमीटर धरली, तर जाऊन येऊन सातशे, म्हणजे नुसत्या धावण्याला साडेतीन मिलिसेकंद. प्रत्यक्षात वाटेतल्या नाक्यांमुळे तीसेक लागतात, आणि तेवढे चालतात. सिंगापूर जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर. तिथल्या संगणकाशी खेळायचं तर चाळीस केवळ अंतराचेच जातात. ते कोणत्याही पैशानं कमी होत नाहीत.

आमच्या घरी मात्र हा आकडा मध्येच दोनशेच्या वर उडी मारी. त्याची कारणं दोन निघाली. एक, राउटर ओसरीवर आणि संगणक माजघरात. मध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत! वाऱ्यावरून येणारा संदेश तिच्यात अडखळत होता. पंधरा मीटरची केबल माळ्यावरून ओढली आणि ते दुखणं संपलं. माझ्या मते सगळ्या सुधारणांत हीच सर्वांत मोलाची, आणि खर्च चारशे रुपयेदेखील झाला नाही. दुसरं कारण मी स्वतः. रात्री मी तासांची चित्रफीत इंटरनेटवर चढवत असे. त्या गठ्ठ्यामागे मुलाचा बारीकसा संदेश रांगेत उभा राही, आठवड्याच्या बाजारी चिंचोळ्या बोळात उसाची गाडी शिरली की मागचा सायकलवाला अडकतो तसा. आता मी ते काम पहाटे करतो.

जुना संगणक घेणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोज १० या प्रणालीला मिळणारं कंपनीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं. विंडोज ११ साठी साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हवं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा खेळही लबाडी रोखण्यासाठी टीपीएम असल्याची खात्री करून घेतो. विकणाऱ्याला हे आधी विचारा, भाव नंतर.

यंत्र सुधारलं, पण वाटणी राहिलीच होती. तासावर वाटणी केली, ती फसली. कारण डाव घड्याळ पाहून संपत नाही. मग आम्ही डावांवर वाटणी केली. प्रत्येकाला दोन डाव, आणि जेवणाआधी पाऊण तास नवा डाव मांडायचा नाही. हा नियम पोरांनीच सुचवला. हाक मारणाऱ्यानंही विचारायचं, "कितव्या फेरीवर आहेस?" आजी आता हेच विचारते.

दोनच डाव का, याचं उत्तर मला बुद्धिबळानं दिलं. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. खेळाडूचं बळ आकड्यात मांडण्याची त्यांची रीत जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० साली स्वीकारली. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्यानं शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, ४०० चं असेल तर ९१, असा हिशेब. जिंकलात की आकडा चढतो, आणि पुढचा गडी तेवढ्याच तोलाचा मिळतो. आजचे बहुतेक ऑनलाइन स्पर्धेचे खेळ याच धर्तीवर जोड्या लावतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या: तुम्ही कितीही सुधारलात तरी दर दोन डावांतला एक साधारण हरायचाच. "एक जिंकतो आणि उठतो," असं म्हणणारा मुलगा रात्री एकपर्यंत बसतो तो यामुळे. हे मी थोरल्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "म्हणजे हरूनच उठायला शिकलं पाहिजे." मी त्यावर काही बोललो नाही.

पैशांविषयी मात्र मी कठोर आहे. गावोगावी तरुणांनी मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळले आणि घरची जनावरं विकायची वेळ आली, अशा कहाण्या तुमच्याही कानी असतील. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई आहे, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे; आणि स्पर्धात्मक ई-खेळ त्यापासून वेगळे काढले आहेत. पालकांनी हा भेद ओळखला पाहिजे. पडद्यावर बंदूक दिसली की आपण घाबरतो आणि पत्ते दिसले की निर्धास्त होतो. घर बुडवलं ते पत्त्यांनी!

याचा अर्थ पोरांनी खेळावरच पोट भरावं असा नाही. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-खेळ प्रात्यक्षिक म्हणून होते, त्यात भुजच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळवलं. हांगझोऊच्या स्पर्धेत, २०२३ मध्ये, त्यांना पदकांचा दर्जा मिळाला. असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमची मुलं त्यांत नाहीत, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलेलं आहे. आकडा समोर असतो ना!

सध्या घरात नवा वाद आहे. आमचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. मुलग्यांना १४४ चा हवा. हिशेब केला तर एक चित्र आत्ता सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं, तेव्हा सात टिकेल. मुलगी म्हणते, घोडा अडीच घरं जातो तो दोन्ही पडद्यांवर सारखाच जातो. त्या पैशांत मला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवा. दादा तिच्या बाजूला आहेत. ऊस गेल्याशिवाय निर्णय व्हायचा नाही, आणि तोपर्यंत मला रोज दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागतं आहे.