वरच्या खोलीचं रहस्य

(संगमनेर येथे वाचक-मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, समलिंगी प्रेम आणि रहस्यकथा ही जोडी कशी काय जमवली? रहस्यकथा म्हटलं की आपल्याला बाबूराव अर्नाळकर आठवतात. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली त्यांनी. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतलेलं पुस्तक नवऱ्याने वाचून टाकलं की चुलीपुढे बसून ते आपण वाचायचं, असं कितीतरी घरांत चालायचं. 'हलकं वाङ्मय' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तेही चोरून वाचलेलं असतं. तर रहस्यकथेला आपण परक्या नाही. आणि दुसऱ्या विषयाला? तोही घरातलाच आहे, फक्त त्याचं नाव घेतलं जात नाही.

मला बोलायचंय ते मुख्यतः सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' या कादंबरीबद्दल. २००६ साली 'मौज'ने ती प्रसिद्ध केली, २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये कोचीच्या पार्श्वभूमीवर तिचा चित्रपटही आला. मूळ कादंबरी मात्र पुण्यातल्या एका जोशी कुटुंबाची. घरात वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे एक तरुण भाडेकरू येतो. चित्रं काढणारा, आईवडील नसलेला, आपल्या मागच्या आयुष्याविषयी फारसं न बोलणारा. धाकटा मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. बहीण अनुजाही पडते. आणि एके दिवशी ती त्याच्याबरोबर घर सोडून निघून जाते. काही महिन्यांनी ती एकटी परत येते, कारण तो तिलाही न सांगता नाहीसा झालेला असतो.

पुस्तकाचे दोन भाग आहेत, आधी तनयचा, मग अनुजाचा. आणि त्या माणसाला अख्ख्या पुस्तकात नावच नाही! खून नाही, पोलीस नाहीत, तरी पान उलटावंसं वाटतं. तो कोण होता, का गेला, दोघांपैकी कुणावर त्याचं खरं प्रेम होतं, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. तनय जे सांगतो त्यातली एखादी साधी गोष्ट अनुजाच्या पानांत पुन्हा येते आणि तिचा अर्थच बदलतो. वाचणारीला दोघांचंही ठाऊक असतं. त्या दोघांना मात्र एकमेकांचं ठाऊक नसतं, निदान बराच काळ तरी. तिच्या पानांत भाऊ आहे, पण भावाचं दुःख नाही.

आता आपल्या नजरेने हे घर पाहू या. तनय त्या खोलीत तासन्‌तास बसतो, रात्री तिथेच राहतो. घरात कुणी हटकत नाही. मुलगा मित्राकडे झोपला, यात विचारायचं काय? अनुजा तशी वर गेली असती तर पहिल्याच दिवशी आईने हाक मारली असती. मुलावर संशय घ्यायचा असतो हेच या घराला माहीत नाही. संशय राखून ठेवलाय तो मुलीसाठी. म्हणून तनयला मोकळीक मिळते. पण ही मोकळीक विचित्र आहे. दिसत नसलेल्या प्रेमाचा शोकही दिसत नाही. अनुजा परत येते तेव्हा घर हादरतं, तिला डॉक्टरकडे नेतात, तिच्यावर नजर ठेवतात, नातेवाइकांना काय सांगायचं ते ठरतं. हा तिच्यावर अन्यायच आहे. पण तिचं काहीतरी मोडलंय एवढं तरी मान्य होतं. तनयचं तेच मोडलं आहे आणि तो जेवायच्या ताटावर सगळ्यांबरोबर बसून बहिणीची काळजी केल्यासारखं करतो. मला या पुस्तकातली सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते.

आपल्या गावांत वेगळं काय आहे? दोन पोरं एकाच मोटारसायकलवर गळ्यात हात टाकून फिरतात, दोन मैत्रिणी एका गोधडीत झोपतात. सगळं चालतं, लग्नाचं वय होईपर्यंत. मग गाठ बांधून टाकतात आणि 'होईल सगळं ठीक' म्हणतात.

इथे मला विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'कडे यायचंय. १९८१ मध्ये ते नाटक रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत होत्या. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, गाव पुणं, नायिका कॉलेजातली सुमित्रा, सगळ्यांची 'मित्रा'. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाचं काम करते आणि समोर नायिका झालेल्या नमावर तिचा जीव जडतो. संगमनेरला तमाशाची मोठी परंपरा. इथेच राहिलेल्या, २०२१ मध्ये निवर्तलेल्या कांताबाई सातारकरांनी रंगवलेले छत्रपती शिवाजी महाराज तुमच्यापैकी कित्येकींच्या घरच्यांनी पाहिले असतील. बाईने पुरुष वठवावा, पुरुषाने नाच्या व्हावं, याला आपल्या लोकांची कधी हरकत नव्हती. टाळ्या पडत होत्या. फक्त अट अशी की पडदा पडला की ज्याने त्याने आपल्या खुंट्यावर परत यावं. मित्रा परतत नाही, हा तिचा गुन्हा.

आणि तिचा घात कशाने होतो? पत्राने. मित्राने नमाला लिहिलेलं पत्र मन्या दळवीच्या हाती लागतं आणि त्याला शस्त्र मिळतं. रहस्यकथेत हे पत्र, हा धमकावणारा खलनायक आपण शंभरदा वाचलेला असतो. पण समलिंगी माणसांच्या गोष्टींत तो लेखकाच्या डोक्यातून आलेला नाही, तो कायद्यातून आलेला आहे. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातलं. खुद्द इंग्लंडमध्ये १८८५ च्या कायद्याला लोक 'खंडणीखोरांची सनद'च म्हणत. त्यावर १९६१ मध्ये 'व्हिक्टिम' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. नामवंत बॅरिस्टर, त्याची पत्नी, आणि फोटो दाखवून पैसे उकळणारे लोक. १९६७ मध्ये इंग्लंडने कायदा सैल केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला तेव्हा कुठे प्रौढांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा उरले नाहीत. पण मित्राला कायद्याने मारलंच नव्हतं. त्या कलमात बायकांचा कुणी फारसा विचारही केलेला नसावा. तिला मारलं ते 'लोक काय म्हणतील' याने, आणि त्यासाठी कुठल्या कलमाची गरज नसते.

आर. राज राव यांची 'द बॉयफ्रेंड' ही २००३ मधली इंग्रजी कादंबरी जाता जाता सांगते. मुंबईतला उच्चवर्णीय पत्रकार युदी आणि दलित तरुण मिलिंद. १९९२-९३ च्या दंगलीत मिलिंद कुठे आहे हे युदीला कळत नाही, कारण प्रेम असूनही त्याच्या घरचा पत्ता त्याने नीट विचारलेलाच नसतो. इथे रहस्य जातीने तयार केलंय. पुढे मिलिंदचं लग्न होतं.

त्या लग्नातल्या बायकोचं काय? या सगळ्या वाचनात मला तीच सारखी आठवत राहते. नवरा रात्री उशिरा येतो, फोन उलटा ठेवतो, अंगाला हात लावत नाही. ती समजते, माझ्यातच काही कमी आहे. उपासतापास करते, देवऋषी करते, माहेरी सांगायची लाज. ही बाई एका रहस्यकथेत राहतेय आणि पुस्तक तिच्या हातात कुणी दिलेलंच नाही. तिच्या बाजूने लिहिलेली मराठी रहस्यकादंबरी मला हवी आहे. त्या पुरुषावर राग येतो, यायलाच हवा. पण बोहल्यावर त्याला उभं करणारे जे आईबाप, मामा, मध्यस्थ, ते या गोष्टीत साळसूदपणे अक्षता टाकून जेवून जातात.

अमेरिकेत जोसेफ हॅन्सन नावाच्या लेखकाने १९७० ते १९९१ या काळात डेव्ह ब्रँडस्टेटर या विमा-तपासनिसाच्या बारा कादंबऱ्या लिहिल्या. हा डेव्ह समलिंगी आहे. पहिल्या पुस्तकात त्याचा अनेक वर्षांचा जोडीदार नुकताच वारलेला आहे आणि ते दुःख घेऊन तो कामावर जातो. खून कुणी केला हे तो शोधतो. त्याचं प्रेम कुणाला शोधून काढावं लागत नाही, ते उघड आहे. आपल्याकडे समलिंगी माणूस हा कायम सापडायची वस्तू असतो, शोधणारा कधीच नसतो. नगरच्या कोतवालीत बसलेली, मैत्रिणीबरोबर संसार करणारी एखादी फौजदारीण गुन्ह्याचा माग काढतेय, अशी मराठी गोष्ट तरी माझ्या वाचनात नाही. हसू नका! अर्नाळकरांच्या काळात बाईने तपास करणं हेही हसण्यासारखंच वाटलं असतं.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे गुन्हा नाही, पण नातंही नाही. दवाखान्यात सही कुणाची, घरभाड्याच्या करारावर नाव कुणाचं, हे प्रश्न तसेच आहेत. भाडेकरू वरच्या खोलीतच आहे.

आपल्या जिल्हा वाचनालयाला १८३८ पासूनचा इतिहास आहे. तिथे आणि तालुक्याच्या ग्रंथालयात ही पुस्तकं आपण नाव लिहून मागवू या. 'कोबाल्ट ब्ल्यू'ची माझी प्रत मी आज ठेवून जाते. पुढच्या बैठकीआधी चौघींनी तरी वाचावी, आणि घरातल्या मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवावी. कपाटात नको.