नादाची सामाईक लिपी



ज्या शाळेत मी पाढे पाठ केले, तिच्याच सभागृहात सरांच्या स्मरणार्थ बोलण्याचा योग येईल असे मला कधी वाटले नव्हते. सर आम्हांला गणित शिकवीत. पण शनिवारी शाळा सुटल्यावर ते पेटी काढून बसत आणि आम्ही चारपाच मुले त्यांच्याभोवती जमत असू. एके दिवशी त्यांनी दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली. एक भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनाचे, दुसरे पलुस्कर पद्धतीचे. एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "षड्जाच्या डोक्यावर टिंब आहे. म्हणून दाखव." मी तार षड्ज लावला. सर हसले. "हे पलुस्करांचे पुस्तक. इथे डोक्यावरचे टिंब म्हणजे मंद्र." एका टिंबापायी मी दोन सप्तके चुकलो होतो.

ग्वाल्हेरकरांना ही गोष्ट परकी नाही. पं. विष्णु दिगंबरांची गायकी इथल्याच घराण्याची, आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले तेही इथेच. दोघांचा हेतू एकच होता, तोंडी विद्या कागदावर उतरवण्याचा. लिप्या मात्र दोन झाल्या. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो संगणकाच्या जगातला असला तरी जातीने असाच आहे. ध्वनिप्रणालींसाठी २०२२ साली 'क्लॅप' नावाचे एक नवे मानक आले. त्याचे आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी कसे स्वागत केले, आणि त्या स्वागतातून आमच्याविषयी काय कळले, हे मला सांगावयाचे आहे.

प्रथम थोडी ओळख करून देतो. आज ध्वनिमुद्रण संगणकावर होते. मुद्रणाची मुख्य प्रणाली ही यजमान. तिच्यात बसवायची वाद्ये, घुमारा देणारी किंवा आवाज घासूनपुसून स्वच्छ करणारी छोटी उपकरणे म्हणजे प्लगइन, हे पाहुणे. यजमान एका कंपनीचा, पाहुणा दुसऱ्या कंपनीचा. दोघांची कधी भेटही झालेली नसते. तरी सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने आवाज वाहत असतो. यजमान २५६ नमुन्यांचा एक घास पुढे करतो आणि पाहुण्याने तो सुमारे सव्वापाच मिलिसेकंदांत परत द्यावयाचा असतो. उशीर झाला तर कानाला तडतड ऐकू येते. घास कसा द्यायचा, स्वर केव्हा सुरू झाला हे कसे कळवायचे, खुंटी किती पिळली हे कसे सांगायचे, यांच्या ठरलेल्या नियमांना आम्ही मानक म्हणतो. मैफलीत गायक आणि तबलजी आयत्या वेळी भेटूनही समेवर येतात, ते दोघांना तालाचे नियम ठाऊक असतात म्हणून. तसेच हे.

हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली 'व्हीएसटी' हे मानक आणले आणि जगभरच्या छोट्या प्रोग्रामरांना दार उघडून दिले. तिचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. १९९९ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, २००८ साली तिसरी. अ‍ॅपलचे 'ऑडिओ युनिट्स' निराळे, प्रो टूल्ससाठी 'एएएक्स' निराळे. परंतु सर्वांत जास्त चलती व्हीएसटीची, आणि ते एका कंपनीच्या मालकीचे. ऑक्टोबर २०१८ नंतर दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने देणे कंपनीने थांबवले. ज्यांच्यापाशी जुना करार होता त्यांचे चालू राहिले; नव्याने येणाऱ्यांना ती वाट बंद झाली. तिसऱ्या आवृत्तीसाठी एक तर कंपनीशी करार करावयाचा, नाहीतर आपली सारी प्रणाली जीपीएल परवान्याखाली जगाला खुली करावयाची. कंपनीने हे हक्कातच केले होते. पण ज्या भाषेत आपण रोज बोलतो ती कोणीतरी आपल्याला भाड्याने दिलेली आहे, याची जाणीव त्या वेळी अनेकांना प्रथम झाली.

जून २०२२ मध्ये बर्लिनच्या बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी मिळून क्लॅपची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. परवाना एमआयटीचा, म्हणजे करार नको, शुल्क नको, कोणाची परवानगी नको. रचना साध्या सी भाषेतली, त्यामुळे इतर संगणकीय भाषांतूनही वापरता येणारी. आणि एक खास सोय. खुंटीची मूळ जागा न हलवता तिच्यावर तात्पुरती हालचाल चढवता येते, तीही प्रत्येक स्वराला वेगवेगळी. १९८३ सालच्या मिडी पद्धतीत स्वर वाकवला की त्या वाहिनीवरचे सगळे स्वर एकदम वाकतात. मींड घेणाऱ्या आपल्या संगीताला ती अडचण नेहमीच जाणवत आली. स्वरागणिक बदलाची सोय व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीतही निराळ्या रीतीने होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आता प्रतिक्रिया. पहिली होती निखळ आनंदाची. ती मुख्यतः एकेकट्याने काम करणाऱ्यांची आणि मुक्त प्रणाली लिहिणाऱ्यांची. 'सर्ज' नावाचे मुक्त सिंथेसायझर लवकरच क्लॅपमध्ये बोलू लागले. तिसऱ्या व्हीएसटीत मिडीचे संदेश आडवळणाने येतात म्हणून कंटाळलेले बरेच जण होते. त्यांनीही सुटकेचा नि:श्वास सोडला.

दुसरी प्रतिक्रिया थट्टेची. अनेक मानकांचा गोंधळ मिटवण्यासाठी आणखी एक मानक काढायचे आणि गोंधळात एकाची भर घालायची, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद आहे. त्यात तथ्यही होते. लिनक्सच्या जगात 'लाडस्पा' आणि 'एलव्ही२' ही मुक्त मानके आधीपासून होती. व्यापारी कंपन्यांनी त्यांच्याकडे फारसे वळून पाहिले नव्हते.

तिसरी प्रतिक्रिया हिशेबाची. दर नव्या मानकाबरोबर प्रत्येक संगणकावर, प्रत्येक यजमानात सारे पुन्हा तपासावे लागते. यजमान म्हणतात, आधी पाहुणे येऊ द्या. पाहुणे म्हणतात, आधी यजमानांनी पाट मांडावा. बी आधी की झाड आधी, असा हा वाद. आणि चौथी शंका होती राखणदाराची. आज दोन कंपन्या उदार आहेत. उद्या त्यांचे मन बदलले तर? तिला उत्तर परवान्यातच होते. एकदा खुले केलेले कोणाला मिटवून घेता येत नाही. कंपन्या गेल्या तरी मजकूर उरतो.

मी स्वतः तिसऱ्या गटात होतो. आमची छोटी कंपनी तंबोऱ्याचे एक प्लगइन करते. आमच्यातला एक तरुण सहकारी उत्साहाने क्लॅपविषयी सांगू लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, "थांबून पाहू." वडीलधाऱ्या सुरात म्हटलेले हे वाक्य फार शहाणपणाचे वाटते. पुढे जे घडले त्याने त्या शहाणपणातली हवा काढून घेतली.

एका गायिकेचा दूरध्वनी आला. आपल्या दिवंगत गुरूंचे अखेरचे गायन तिने घरीच मुद्रित केले होते आणि आमचा तंबोरा त्यात वाजत होता. नवा संगणक घेतल्यावर ते मुद्रण उघडले, तर गुरूंचा आवाज होता आणि तंबोरा मुका. नव्या यजमानाला जुन्या आवृत्तीचे प्लगइन चालत नव्हते; आणि आम्ही नवी आवृत्ती काढताना जुन्या मुद्रणातली जुळणी तिच्यात आणण्याची सोयच केली नव्हती. चूक सर्वस्वी आमची होती. ती एवढेच म्हणाली, "बुवांचा स्वर आधारावाचून ऐकवत नाही हो." आम्हाला ती जुळणी परत मिळवायला तीन आठवडे लागले. तोवर मानकाला मी परवान्याचा आणि खर्चाचा प्रश्न समजत होतो. त्या दिवसापासून तो मला स्मृतीचा प्रश्न वाटतो. लिपी बदलली की जुने कागद कोण वाचणार?

नुसते खुले मानक घेऊन ती चूक टळली असती असे मी म्हणणार नाही. हयगय कोणत्याही लिपीत करता येते. पण आम्ही त्या तरुणाला काम सुरू करायला सांगितले. प्रत्येक तारेचा स्वर स्वतंत्रपणे हलवता येऊ लागला तेव्हा मला सरांची पेटी आठवली. पेटीला जे कधी जमले नसते ते इथे जमत होते. आमच्या बहुतेक ग्राहकांच्या यजमानांना क्लॅप कळत नव्हते, तेव्हा मुक्त प्रणालीवाल्यांनीच तयार केलेले एक वेष्टन उपयोगी पडले: मूळ एकदा क्लॅपमध्ये लिहावयाचे आणि त्यावर व्हीएसटीचा किंवा ऑडिओ युनिट्सचा अंगरखा चढवावयाचा. बी आणि झाडाचा वाद असा एका दुभाष्याने सोडवला. रीपर आणि एफएल स्टुडिओसारखे यजमानही पुढे क्लॅप समजू लागले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटीची तिसरी आवृत्तीही एमआयटी परवान्याखाली खुली केली. त्यामागे क्लॅपच होते असा दावा मी करणार नाही. परंतु जी मागणी २०२२ साली अनेकांना भाबडी वाटली होती, ती साडेतीन वर्षांच्या आत रूढ मानकानेही मान्य केली, एवढे खरे. यात कोण जिंकले हा प्रश्न मला गौण वाटतो.

शंका घेणारे चूक होते असेही नाही. नव्या नियमाला प्रश्न विचारणे हे अनुभवी माणसाचे कामच आहे. चूक माझ्यासारख्यांची, ज्यांनी शंका घेतली आणि तिथेच बैठक मारली. मानक समितीच्या कागदावर जन्मत नाही. कोणीतरी पहिला पाहुणा होऊन रिकाम्या पाटावर बसतो तेव्हा ते जन्मते.

त्या शनिवारी मी सरांना विचारले होते, "दोन्हींतली खरी लिपी कोणती?" सर म्हणाले होते, "दोन्ही शीक. आणि तू लिहिशील तेव्हा पहिल्या पानावर तुझ्या टिंबाचा अर्थ लिहून ठेव, म्हणजे मागून येणाऱ्याला तुला विचारायला यावे लागणार नाही." खुल्या मानकाची याहून नेमकी व्याख्या मला अजून कुठे मिळालेली नाही.