लोणारच्या पाण्याची नोंदवही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञानातील संधी’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला, कारण त्या संधींची माहिती आता नववीच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त असते. त्याऐवजी मी लोणारबद्दल बोलणार आहे. मेहकरच्या माणसाला लोणारबद्दल काय सांगायचं, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. थोडा धीर धरा.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊन होता, सगळे घरात, आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस. एका मैत्रिणीने मला थेट लिहिलं, “तू इंजिनेर हायस ना वं, मंग सांग, तळ्याचं पानी काऊन असं झालं?” मी शेगावला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. जीवशास्त्राशी माझा संबंध इथल्याच प्रयोगशाळेत संपला होता. पण प्रश्न विचारला होता, म्हणून वाचायला बसले. ते वाचन अजून संपलेलं नाही.

पाण्याच्या आधी खड्ड्याबद्दल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा कोणी केला, याचं आपल्या आजीचं उत्तर तयार होतं: विष्णूने लवणासुराला मारलं, तीच ही जागा. दैत्यसूदनाचं मंदिर त्याची साक्ष. साहेबांचं उत्तर मात्र बराच काळ चुकलेलं होतं. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली, आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ याला ज्वालामुखीचंच काम समजत राहिले. त्यांना हसू नका. आपल्या पायाखालचा सगळा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच आहे. लाव्ह्याच्या मुलखात खड्डा दिसला तर माणूस ज्वालामुखीच म्हणणार.

निकाल लावला तो दगडातल्या एका बारीकशा गोष्टीने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात खोल भोकं पाडून दगडाचे नमुने काढले. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला: हा उल्केचा आघात आहे. पुरावा होता मॅस्केलिनाइट नावाच्या पदार्थाचा.

हा पदार्थ समजून घेण्यासारखा आहे. आपल्या काळ्या दगडात प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे स्फटिक असतात. स्फटिक म्हणजे अणूंची कवायत, ओळीत ओळ, हातभर अंतर. आता कल्पना करा, पी.टी.च्या सरांनी मैदानावर सगळ्यांना उभं केलंय आणि एका क्षणात असा धक्का बसला की सगळ्या ओळी विस्कटल्या, पण मैदानाच्या चुन्याच्या रेषेबाहेर एकही पोरगा गेला नाही. बाहेरून आकार स्फटिकाचाच, आत मात्र काच. हे वितळून होत नाही, वितळलं तर आकारही जातो. ते होतं फक्त धक्क्याच्या लाटेने, आणि तिचा दाब हवेच्या दाबाच्या काही लाख पट असावा लागतो. ज्वालामुखीत असा दाब तयार होत नाही. म्हणून चिमूटभर काच सापडली आणि दीडशे वर्षांचा वाद मिटला. गंमत म्हणजे ही काच जगात पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली होती. बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत. चंद्र-मंगळाच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे इथे येतात ते त्यासाठी.

वय किती, हा मात्र वेगळा वाद. आपण शाळेत पन्नास हजार वर्षं पाठ केली. तो आकडा काचेत अडकलेले इलेक्ट्रॉन मोजून काढला होता: काच तापवली की ते सुटतात, मंद उजेड पडतो, आणि उजेडावरून काळ काढतात. १९९७ साली छापलेलं उत्तर होतं सुमारे ५२,००० वर्षं. मग २०११ मध्ये जूर्दां आणि सहकाऱ्यांनी तशाच वितळलेल्या दगडातला आर्गॉन वायू मोजला. पोटॅशियमचा एक प्रकार ठरलेल्या गतीने आर्गॉनमध्ये बदलतो, त्यामुळे ते एक घड्याळच. उत्तर आलं सुमारे ५,७०,००० वर्षं. अकरा पटींचा फरक! दुसरं घड्याळ जास्त भरवशाचं मानतात. आत्ताच्या विद्यार्थ्यांनो, परीक्षेत पुस्तकात असेल तेच लिहा, पण बाईंना हे विचारा जरूर.

आता पाणी. या विवरात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. धारेचं गोड पाणी, पावसाचं पाणी, झरे, सगळं आत, आणि बाहेर जातं फक्त वाफेच्या रूपाने. दगडातून सुटलेला सोडा मागे साचतो. जुन्या काळी तो काढून विकत. पापडी, भुसकी, दल्ला अशी त्याची नावं जुन्या दप्तरात सापडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जानेवारी २००२ मध्ये नमुने घेतले तेव्हा पाण्याचा पीएच १०.५ होता. साध्या पाण्याचा सातच्या आसपास असतो, आणि पीएचमधला एक अंक म्हणजे दहापट. हे साबणाच्या पाण्यासारखं झालं. यात काही जगत नसेल असं वाटतं. त्यांनी त्या नमुन्यांतून १९६ प्रकारचे जिवाणू वेगळे वाढवले, त्यातले ६४ बारकाईने तपासले, आणि कामाची विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवणारे ३१ निवडले. अशा पाण्यात टिकणारी विकरं कपड्यांच्या पावडरीत लागतात, कारण बादलीतलं पाणीही अल्कधर्मीच असतं.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या लोकांना तर इथे विज्ञानाला पूर्ण नवे जीव मिळाले. एकाचं नाव इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस. दुसऱ्याचं, २०१२ मधलं, सेसेंबिया लोनारेन्सिस. सेसेंबिया म्हणजे ‘सीसीएमबी’ याच अक्षरांचं लॅटिन रूप, आणि लोनारेन्सिस म्हणजे आपल्या लोणारचा. नाव-गाव लावायची पद्धत तिकडेही आपल्यासारखीच.

जिवाणू नवा आहे हे ठरवतात कसं, इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. प्रत्येक जिवाणूत ‘१६ एस’ नावाचा एक जनुक असतो. तो फार हळू बदलतो, त्यामुळे आडनावासारखा वापरता येतो. त्याची सुमारे दीड हजार अक्षरं वाचायची, ए, टी, जी, सी एवढ्या चारच अक्षरांची ओळ, आणि जगभरच्या नोंदींशी जुळवायची. हे अक्षरं जुळवण्याचं काम संगणकाचं. बँकेत एकाच खातेदाराची दोन नावं शोधायला आम्ही जे करतो, त्याचंच हे मोठं भावंडं.

पण वाचण्याआधी त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. ती पद्धत म्हणजे पीसीआर. हा शब्द २०२० मध्ये गल्लीतल्या लहान पोरांच्याही तोंडी होता. पीसीआरमध्ये मिश्रण पुन्हा पुन्हा उकळीच्या जवळ तापवावं लागतं, आणि तरी न बिघडणारं विकर मिळालं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका जिवाणूपासून. थॉमस ब्रॉक यांनी तो १९६० च्या दशकात शोधला तेव्हा त्याचा उपयोग काय, हे सांगता आलं नसतं. पीसीआर आली १९८३ मध्ये. आपल्या नाकातला स्वॅब आणि लोणारचं पाणी, दोन्हींची तपासणी एका गरम कुंडातल्या जिवाणूच्या जोरावर होते.

औषधांचंही तसंच. स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूतून आलं. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांच्या गटाने पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. वन विभागाने नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे पाठवले. लोणारच्या संवर्धनाची याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होतीच, तिथेही विचारणा झाली. आघारकरचं उत्तर आलं की रंग हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. मीठ वाढलं की ते फोफावतात, आणि त्यांच्यातलं रंगद्रव्य गाजराच्या रंगाच्या जातीचं. प्रयोगशाळेत नमुना ठेवला तर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी निवळलं. म्हणजे पाणी रंगलं नव्हतं, पाण्यात राहणारे रंगीत होते.

या जातीच्या जीवांकडे उजेडावर चालणारे पंप असतात. प्रकाश पडला की त्यांच्यातलं एक प्रथिन पेशीच्या पटलातून क्षाराचे आयन ढकलतं. इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या सोडा-तळ्यात, म्हणजे लोणारच्या चुलत भावंडात, सापडलेल्या अशाच एका जीवाचा जनुक शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मज्जापेशीत घातला, आणि पिवळ्या उजेडाने ती पेशी गप्प करून दाखवली. उजेडाने मज्जातंतू चालू-बंद करायच्या या शास्त्रातूनच पुढे, २०२१ मध्ये, शैवालापासून घेतलेल्या प्रथिनाच्या मदतीने एका अंध रुग्णाला थोडं दिसू लागल्याचं प्रसिद्ध झालं. दगडाचं शास्त्र, जनुकांचं शास्त्र आणि औषधांचं शास्त्र पुस्तकात तीन धडे असतील, लोणारच्या काठावर त्यांच्यात कुंपण नाही.

मला काळजी वेगळीच आहे. विवराला बाहेर जायची वाट नाही, हे मघाशी सांगितलं. म्हणजे आत जे जाईल ते राहणार. गावाचं सांडपाणी गेलं, गोडं पाणी वाढलं, तर खारटपणा उतरतो, आणि फक्त अशाच पाण्यात जगणारे जीव आधी जातात. ते गेले हे कळायला ते होते याची नोंद लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत लोणारचं नाव जाहीर झालं, आनंद आहे. पण २०२० मध्ये ‘पूर्वी कधी असं झालं होतं का’ असं विचारलं गेलं, तेव्हा उत्तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून शोधावं लागलं. आमच्या धंद्यात मशीन बंद पडलं की पहिला प्रश्न असतो, लॉग कुठे आहे? पाच लाख वर्षांपूर्वीचा धक्का दगडाने नोंदवून ठेवला, आणि १९९५ च्या मे महिन्यात पाणी किती होतं ते आपल्याकडे नाही.

आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवलाय, त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायची असं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही. पण ती थोडी बुटकी चालत असेल, तर उरलेल्या पैशातून एक बऱ्यापैकी पीएच मीटर, एक कॅमेरा आणि महिन्यातून एकदा आठवी-नववीच्या मुलांचं एसटीचं भाडं एवढं निघेल. अभयारण्य असल्याने पाण्याचा नमुना घ्यायला वन विभागाची परवानगी लागेल. अर्जाचा मसुदा मी करून आणलाय, सरांची सही हवी. फोटोला परवानगीची अडचण नाही: काठावरची एकच जागा, एकच वेळ, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी.

आणि मागच्या वर्षांचं काय? ते तुमच्या कपाटात आहे. आपल्यातला प्रत्येक जण सहलीला, नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेला, नाहीतर लग्नानंतर जोडीने लोणारला गेलाय आणि तळ्याकडे पाठ करून फोटो काढून आलाय. त्या फोटोंत आपण कसे दिसतो ते बघू नका, मागे बघा. सासू-सुनेची विहीर उघडी आहे की पाण्यात, पाणी देवळापासून किती लांब, रंग हिरवा की आणखी कुठला. अल्बममधून फोटो काढू नका, चिकटलेले फाटतात, मोबाइलवर टिपून पाठवा. मागे तारीख लिहिली असेल तर तीही. वही बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे, त्यात नाव आणि साल लिहून जा. साल आठवत नसेल तर कडेवर कुठलं मूल होतं ते लिहा, त्यावरून आपण काढू.