चाकाचा जाम झालेला स्टड

नागपुरी पावसाळा सरला की चाकांचे नट गंजून बसतात. पान्याला हातभर पाइप लावून जोर दिला की स्टड तुटतो. मारुती ८००ला चाकामागे चारच. एक गेला की सगळा भार उरलेल्या तिघांवर. म्हणून आधी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यावं.

तुटलाच, तर वाडीकडचे काही मिस्त्री सरळ घण उचलतात. स्टड निघतो हो, पण गोळ्यांचे ठसे बेअरिंगच्या कड्यावर उमटतात आणि पुढे चाक घुमू लागतं. गॅसच्या ज्योतीने ग्रीस वितळतं. मी हब उतरवून प्रेसवरच दाबून काढतो. नवा स्टड मागून घालून बसवतो. ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायला मात्र गिऱ्हाईक सहसा येत नाही.